'सिग्नल पडला' म्हणताना हात खरोखर कसा पडावा : मीटर गेज मांडणीवरील सेमाफोर, मोटर आणि वायरिंग

टिळकवाडीकर

टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटपाशी सायकल थांबवून उभे राहण्यात माझे निम्मे बालपण गेले. गाडी येणार हे सांगायला आमच्या घरात आजही 'सिग्नल पडला' असेच म्हणतात. रंगीत दिव्यांचा सिग्नल पडत नाही, पडायचा तो जुन्या सेमाफोर सिग्नलचा, म्हणजे खांबावर हलणाऱ्या पट्टीच्या सिग्नलचा, हात. गेली दोन वर्षे मी माळ्यावर मॉडेल रेल्वेची जी मांडणी उभारत आहे, तिच्यात हे पडणे मला नीट दाखवायचे आहे.

मांडणी १:८७ प्रमाणाची आणि १२ मि.मी. रुळांची आहे. मीटर गेजचे १००० मि.मी. भागिले ८७ केले की साडेअकरा येतात, त्यामुळे हे रूळ आपल्या जुन्या मिरज-लोंढा मार्गाला चांगले शोभतात. १९९० च्या दशकात तो मार्ग रुंद झाला. त्याआधीचे, देसूर आणि खानापूरच्या मध्ये कुठेतरी असावे असे एक काल्पनिक स्थानक मी घेतले आहे : मुख्य मार्ग, एक लूप (बाजूने जाऊन पुन्हा मुख्य मार्गाला मिळणारा रूळ), एक मालधक्का आणि दोन्ही बाजूंना मिळून आठ हात. सगळे सिग्नल खाली पडणाऱ्या जातीचे, पितळी पट्टी आणि नळी यांपासून मी स्वतः डाग देऊन (सोल्डर करून) केलेले. खांब सुमारे ९० मि.मी. उंच आणि हात १४ मि.मी. लांब आहे.

प्रत्येक हातासाठी फळीखाली एक एस जी ९० सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर, बसवला असून आठही सर्वो एका आर्डुइनो उनोवरून, म्हणजे प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्या छोट्या नियंत्रक बोर्डवरून, चालतात. हात हलतात, परंतु दोन गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत.

पहिली अशी की हात सलग उतरत नाही. घड्याळाचा सेकंदकाटा जसा एकेक ठोक्याने पुढे जातो, तसा तो दहा-अकरा टप्प्यांत उतरतो. प्रोग्रॅममध्ये वेग कितीही कमी केला तरी टप्पे तेवढेच राहतात, फक्त त्यांच्यामधला वेळ वाढतो.

दुसरी अधिक गंभीर आहे. गेल्या आठवड्यात वीज गेली आणि दहा मिनिटांनी आली. येताक्षणी आठही सर्वो एकदम झटका देऊन कुठेतरी गेले व परत आले. होम सिग्नलच्या (गाडीला स्थानकात घेणाऱ्या सिग्नलच्या) हाताची आरी, म्हणजे ज्या बिंदूभोवती तो फिरतो ती ०.८ मि.मी.ची पितळी तार, खांबापासून सुटली आणि हात गिट्टीत पडला. तो पुन्हा बसवताना हात आणि खांब यांच्यामध्ये तेलात बुडवलेला पतंगाचा कागद घातला, म्हणजे डाग पाझरून हात खांबालाच चिकटत नाही. तासाभराचे काम झाले. मात्र दर वेळी वीज गेली की हे होणार असेल, तर या मोटरचाच पुनर्विचार करावा लागेल. सर्वो सोडून सावकाश चालणाऱ्या मोटरकडे जावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यमबागकर

आपला पहिला प्रश्न प्रोग्रॅमचा नाही, तरफेचा आहे. मी टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे आधी हिशेब मांडतो.

हाताच्या आरीपासून तारेचे भोक २ मि.मी. अंतरावर आहे असे धरू. हात ४५ अंशांतून फिरवायचा तर तार साधारण दीड मि.मी. सरकली पाहिजे. आता सर्वोच्या पंखाकडे, म्हणजे त्याच्या अक्षावरच्या भोके असलेल्या दांडीकडे, पाहा. आपण तार ८ मि.मी. अंतरावरच्या भोकात अडकवली असेल, तर दीड मि.मी. सरकण्यासाठी पंख जेमतेम ११ अंश फिरतो. सर्वोला आज्ञा विजेच्या ठोक्याच्या लांबीने मिळते, एका अंशासाठी त्या लांबीत साधारण १० मायक्रोसेकंदांचा फरक लागतो आणि या जातीच्या सर्वोचा 'डेड बँड'ही तेवढाच आहे, म्हणजे त्याहून लहान आज्ञा त्याला कळतच नाही. ११ अंश म्हणजे ११ टप्पे. आपण मोजले ते बरोबर हेच.

यावर उपाय असा की सर्वो आणि सिग्नलची तार यांच्यामध्ये तिनास एक प्रमाणाची एक मधली तरफ घालावी. जुन्या लोखंडी मोजपट्टीचा ४० मि.मी.चा तुकडा घ्या. टेकूपासून १० मि.मी.वर सिग्नलची तार आणि ३० मि.मी.वर सर्वोची तार जोडा. आता दीड मि.मी.साठी सर्वोला साडेचार मि.मी. ओढावे लागेल, म्हणजे पंख ३३ अंशांच्या आसपास फिरेल. टप्पे तिप्पट झाले की डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत. प्रोग्रॅममध्ये अंशांच्या आज्ञेऐवजी मायक्रोसेकंदांची आज्ञा वापरा, म्हणजे मधले टप्पे पूर्णांकात अडकणार नाहीत.

तारेबद्दल एक आग्रह. साधी बायंडिंगची तार वापरू नका, ती ढकलताना वाकते आणि हात अर्ध्यावर राहतो. मी मिरजेहून सतारीची बाजाची तार आणतो. ती पोलादी, साधारण ०.३ मि.मी. जाडीची आणि एकसारखी ओढलेली असते. फळीतून ती वर नेण्यासाठी सलाइनची १८ नंबरची सुई कापून नळी म्हणून ठोकावी, तार तिच्यातून विनासायास सरकते. तारेत मध्ये एक लहान वळसा द्यावा. सर्वो थोडा जास्त गेला तर तो वळसा दबतो आणि हाताच्या आरीवर ताण येत नाही. आपला हात सुटला त्या दिवशी हा वळसा असता तर बहुधा आरी वाचली असती.

लोंढा केबिन

मी सिग्नल विभागातून निवृत्त झालो आहे. मॉडेलचे मला फारसे ठाऊक नाही, पण खरा हात कसा हलतो ते सांगू शकतो.

लिव्हर ओढणाऱ्याच्या हाताखाली शेकडो मीटर तार असते. आधी तिच्यातली ढील संपते, तेवढा वेळ हात जागचा हलत नाही. मग तो थोडा उतरतो, किंचित अडखळतो आणि लिव्हर पुरती बसताना उरलेला पल्ला पार करतो. परत जाताना मात्र ओढणारे कोणी नसते. वजन त्याला वर फेकते. हात आडव्या स्थितीत येऊन अडकणीवर आपटतो, एक-दोनदा हेलकावतो आणि स्थिर होतो. म्हणून उतरणे सावकाश आणि दोन टप्प्यांचे, तर परत जाणे जलद असले पाहिजे. पुष्कळ मॉडेलमध्ये दोन्ही एकाच वेगाने चालताना दिसतात आणि तिथेच ते खोटे वाटते.

आणखी एक गोष्ट रंगवण्यापूर्वी तपासा. आपल्या जातीच्या सिग्नलमध्ये हात खांबाच्या डावीकडे आणि काचांचा चष्मा उजवीकडे असतो. हात खाली गेला की चष्मा वर सरकतो, दिवा मात्र जागेवर राहतो. म्हणून हिरवी काच लाल काचेच्या खाली हवी. बाहेरच्या वॉर्नरचा, म्हणजे पुढच्या सिग्नलांची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलचा, हात टोकाला माशाच्या शेपटासारखा चिरलेला असतो आणि त्यावरचा पांढरा पट्टाही त्या चिरेशी समांतर, कोन केलेला असतो. थांबा सांगणाऱ्या हातावरचा पट्टा सरळ असतो.

अनगोळकर

टिळकवाडीकर, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. मी पदविका अभ्यासक्रमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि हा झटका आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी कोणा ना कोणाकडे होतो.

वीज आली की सर्वोला ५ व्होल्ट लगेच मिळतात, परंतु आर्डुइनो जागा व्हायला सेकंदभर लागतो. तेवढ्या काळात सिग्नलची पिन अधांतरी असते आणि तिच्यावरचा कोणताही गोंगाट सर्वोला आज्ञा वाटू शकतो. त्यानंतर प्रोग्रॅम सुरू होतो आणि सर्वो जोडण्याच्या आज्ञेबरोबर त्याला १५०० मायक्रोसेकंद, म्हणजे मधली स्थिती पाठवली जाते. हात कुठेही असला तरी सर्वो पूर्ण वेगाने तिकडे धावतो. आपली आरी बहुधा या दुसऱ्या कारणाने सुटली.

त्यामुळे तीन गोष्टी करा. सर्वो जोडण्याच्या आज्ञेआधी त्याला कोणत्या स्थितीत राहायचे आहे ते लिहा. या आज्ञांचा क्रम उलटा असतो म्हणूनच निम्मे झटके बसतात. शेवटची स्थिती आर्डुइनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत) जपून ठेवा आणि सुरुवातीला तीच वाचा, म्हणजे सर्वो जिथे आहे तिथेच जागा होईल. मग सावकाश आडवा करा. ईईप्रॉमच्या एका जागेवर १,००,००० वेळा लिहिता येते. एक हात दिवसाला ५० वेळा हलला तरी साडेपाच वर्षे जातील आणि त्यानंतर पत्ता बदलता येतो. तिसरे म्हणजे, सर्वोंचा ५ व्होल्टचा पुरवठा एका मॉसफेटमधून (प्रोग्रॅमने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) द्या आणि आर्डुइनो पूर्ण जागा झाल्यावरच तो सुरू करा.

सर्वोंची वीज आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून घेत असाल तर ते आजच थांबवा. एक सर्वो अडला तर एकटा अर्ध्या अँपिअरहून अधिक खेचतो. वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा घ्या, त्याच्या टोकांशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा आणि त्याची ऋण बाजू आर्डुइनोच्या ग्राउंडला न विसरता जोडा. ती एक तार राहिली की सर्वो वेड्यासारखे फिरतात आणि माणूस दोन दिवस प्रोग्रॅम तपासत बसतो.

सावकाश चालणाऱ्या मोटरबद्दल : टॉर्टॉइजसारखी मोटर १२ व्होल्टवर चालते, टोकाला जाऊन अडून राहिली तरी १५-१६ मिलिअँपिअरच घेते आणि तिच्यात संपर्कांचे दोन जोड आयते मिळतात. सांध्यांसाठी, म्हणजे गाडीचा रूळ बदलणाऱ्या जागांसाठी, ती मला सर्वोपेक्षा आवडते. सिग्नलसाठी नाही, कारण जाताना आणि येताना तिचा वेग सारखाच राहतो आणि लोंढा केबिन काकांनी सांगितलेला हेलकावा तिच्याकडून मिळत नाही.

निपाणीकर

मी नवीन आहे आणि माझ्या मांडणीवर आजच्या काळातले रंगीत दिव्यांचे सिग्नल आहेत. तीन दिव्यांच्या सिग्नलला एलईडीच्या सहा तारा खाली न्याव्या लागतात का? आणि दिव्यांचा क्रम वरून खाली कसा असतो?

अनगोळकर

सहा नाही, चार पुरतात. तिन्ही एलईडींची धन टोके वरच एकत्र करा आणि प्रत्येकाचा रोध वेगळा ठेवा. तिघांना मिळून एकच रोध दिला तर पिवळा नि लाल यांच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे उजेड कमीजास्त होतो. क्रम वरून हिरवा, पिवळा, लाल. चार दिव्यांच्या सिग्नलमध्ये पिवळा, हिरवा, पिवळा, लाल. लाल सर्वांत खाली, चालकाच्या नजरेच्या सर्वांत जवळ असतो. या धाग्यात मात्र आपण हातांबद्दलच बोलू या, रंगीत दिव्यांसाठी आपण वेगळा धागा काढावा.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन रविवार खर्ची घातले आणि होम सिग्नलवर सर्व काही करून पाहिले.

उद्यमबागकरांची तरफ बसवताच टप्पे दिसेनासे झाले. प्रोग्रॅममध्ये १० मायक्रोसेकंदांची पायरी आणि प्रत्येक पायरीला ४० मिलिसेकंद असा वेळ ठेवला. ३३ पायऱ्या म्हणजे सव्वा सेकंदापेक्षा थोडे जास्त होतात. त्यात पहिल्या एक तृतीयांश भागानंतर १५० मिलिसेकंदांची थांबणी घातली. परत जाताना पायरीला १५ मिलिसेकंद दिले. आडवा झाल्यावर हात ४० मायक्रोसेकंदांइतका खाली येतो, वर जातो, मग २० इतका खाली येतो आणि थांबतो. काकांनी लिहिले तसा हेलकावा प्रथमच दिसला तेव्हा मी पत्नीला वर बोलावले. ती पंधरा मिनिटे लिव्हर ओढत बसली आणि म्हणाली की थांबणी जरा जास्त झाली आहे, हात विचार करतो आहे असे वाटते. तिचे म्हणणे बरोबर होते. थांबणी १०० मिलिसेकंदांवर आणली.

वीज बंद-चालू करून वीस वेळा पाहिले, झटका एकदाही बसला नाही. मॉसफेटही लावला आहे.

परंतु पावसाने नवा प्रश्न उभा केला. जूनमध्ये नेमका आडवा राहणारा हात आता दोन-तीन अंश खाली झुकलेला दिसतो. चालकाला तो अर्धवट पडलेला वाटेल. शिवाय गाडी चालू असताना एक-दोन हात मधूनमधून थरथरतात, गाडी थांबली की तेही थांबतात.

उद्यमबागकर

पाऊस फळीत शिरला आहे. १२ मि.मी.ची प्लाय आणि तिच्याखाली वेगळ्या लाकडी ठोकळ्यावर सर्वो, असे असेल तर प्लाय आणि ठोकळा वेगवेगळ्या दिशांनी फुगतात. सिग्नलची तार सगळी मिळून दीड मि.मी. सरकते, त्यात दहावा हिस्सा मि.मी.चा फरक पडला तरी हात तीन अंश झुकतो. खानापूरच्या बाजूला याहून वाईट अनुभव आले आहेत.

सिग्नल आणि त्याचा सर्वो हे एकच अंग करावे. दीड मि.मी. जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला इंग्रजी एल अक्षरासारखे वाकवा. आडव्या भागावर खांब उभा करा, उभ्या भागावर खाली सर्वो आणि तरफेचा टेकू बसवा, आणि हे सगळे प्लायमधल्या चौकोनी खाचेतून वरून सोडा. लाकूड फुगले तरी खांब आणि सर्वो यांच्यातले अंतर धातूचेच राहते. दुसरा फायदा असा की बिघाड झाल्यास दोन स्क्रू काढून पूर्ण सिग्नल टेबलावर आणता येतो. फळीखाली पाठीवर झोपून डाग देण्याची वेळ कोणावर येऊ नये. गरम डाग खाली पडतो, त्याला चेहरा आणि डोळे सापडतात. मी एकदा ते भोगले आहे, तेव्हापासून चष्म्याशिवाय फळीखाली जात नाही.

अनगोळकर

थरथरीचे कारण बहुधा तारांच्या वाटेत आहे. रुळांना वीज देणारी जाड तार आणि सर्वोच्या नारिंगी तारा एकाच पट्ट्यात बांधल्या आहेत का? रुळांवर डिजिटल नियंत्रण असेल तर त्या तारेत सतत वर-खाली होणारा प्रवाह असतो आणि शेजारच्या आज्ञेच्या तारेत तो उमटतो. दोन्ही एकमेकींपासून हातभर दूर न्या. जिथे ओलांडाव्याच लागतील तिथे काटकोनात ओलांडा. सर्वोच्या तिन्ही तारा, म्हणजे तपकिरी, लाल आणि नारिंगी, एकमेकींभोवती पीळ घालून न्या आणि लांबी मीटरच्या आत ठेवा. स्थानकाच्या दोन्ही टोकांना सिग्नल असतील, तर एका उनोऐवजी प्रत्येक टोकाला एक नॅनो (लहान आकाराचा आर्डुइनो) ठेवणे जास्त बरे. हात आडवा होऊन एक सेकंद झाला की प्रोग्रॅममधून सर्वो सोडून द्या. दाते त्याला धरून ठेवतात आणि आज्ञाच नसल्यामुळे थरथरण्याचे कारण उरत नाही.

निपाणीकर

ताई, एक शंका आहे. खऱ्या सिग्नलची तार तुटली तर तो आपोआप आडवा होतो असे मी वाचले होते. सर्वो मात्र वीज गेली तर आहे तिथेच राहतो. मग हात पडलेल्या स्थितीत वीज गेली तर तो पडलेलाच राहणार. हे नियमाविरुद्ध नाही का?

लोंढा केबिन

शंका अगदी योग्य आहे, आणि कोणीतरी ती विचारावी असे मला वाटत होते. आमच्या कामाचा पायाच तो आहे. आडवा हात ही सिग्नलची स्वाभाविक स्थिती आणि पडलेला हात ही त्याला मुद्दाम दिलेली स्थिती. तार तुटो, कप्पी निसटो, वजनाने हात वरच गेला पाहिजे. खाली पडणाऱ्या जातीत हाताच्या वजनाचा कल खाली जाण्याकडे असतो, म्हणून चष्म्याचे ओतीव लोखंड आणि खांबाच्या पायथ्याचे वजन जाणूनबुजून भारी ठेवलेले असते. वर उठणाऱ्या जातीत हाताचे स्वतःचे वजनच त्याला आडवा करते, हे त्या जातीचे मोठे गुणवैशिष्ट्य.

मॉडेल छोटे असले तरी सिग्नल लावायचा तर हा नियम पाळलेला मला आवडेल.

उद्यमबागकर

काकांशी मी सहमत आहे आणि एक प्रयोग मी केलेला आहे. १२ व्होल्टची साधी रिले घ्या, तिचे संपर्क काढून टाका आणि लोखंडी पट्टीला लांब तरफ जोडा. पट्टीचा पल्ला मिलिमीटरभर असतो, तो तरफेने वाढवावा लागतो. प्रवाह आहे तोवर हात पडलेला, प्रवाह गेला की वजन त्याला वर नेते, आणि हेलकावा तर प्रोग्रॅमशिवाय आपोआप मिळतो. ४०० ओहमचे वेटोळे असेल तर ३० मिलिअँपिअर लागतात. दोष एकच, उतरताना तो फटकन उतरतो. ३०० मिलिसेकंदांत हळूहळू व्होल्टेज वाढवूनही पाहिले, पण पट्टी एका बिंदूला आली की चुंबक तिला एकदम खेचतो.

अनगोळकर

मग मला सर्वोच योग्य वाटतो, कारण आपल्या मांडणीवर उतरण्याचा डौल रोज दिसणार आहे आणि वीज कधीतरी जाणार आहे. मात्र वीज परत आल्यावर रुळांना पुरवठा मिळण्याआधी सर्व हात आडवे झालेच पाहिजेत. रुळांचा पुरवठा एका रिलेमधून द्या आणि आठही हात आडवे झाल्याची खात्री झाल्यावरच प्रोग्रॅमने ती रिले ओढावी. असे केल्यास पडलेल्या हातासमोर गाडी आपोआप सुटणार नाही. नियमाचा हेतू एवढ्याने सांभाळला जातो असे मला वाटते. काकांचे मत हवे.

लोंढा केबिन

हे मला मान्य आहे.

आता पुढचे, आणि माझ्या दृष्टीने मोटरपेक्षा महत्त्वाचे. तुमचे हात हव्या त्या क्रमाने पडतात की सांधे पाहून पडतात? खऱ्या स्थानकात आधी सांधा बसतो आणि त्याला कुलूप लागते. मग होम पडतो. होम पडल्याशिवाय त्याच्या बाहेरचा आऊटर पडत नाही. वॉर्नर तर मुख्य मार्गावरचे सगळे हात पडलेले असतील तेव्हाच पडतो, कारण त्याचा अर्थच 'न थांबता सरळ जा' असा आहे. सिग्नलची तार सांध्यापाशी असलेल्या डिटेक्टरच्या खाचेतून जाते. सांध्याची जीभ रुळाला पुरती चिकटली नसेल तर खाच जुळत नाही आणि केबिनमध्ये कितीही जोर लावला तरी लिव्हर येत नाही. लिव्हरचे रंगही त्याप्रमाणे द्यावेत : थांबा-सिग्नलची लाल, सांध्याची काळी, कुलपाची निळी आणि वापरात नसलेली पांढरी.

टिळकवाडीकर

काका, माझ्याकडे आजवर पॅनेलवरच्या बटणाची स्थिती हीच सांध्याची स्थिती धरली जात होती. आपले वाचून लक्षात आले की बटण दाबले म्हणजे जीभ चिकटली असे नाही. कालच लूपच्या सांध्यात गिट्टीचा एक खडा अडकला होता आणि होम मात्र निर्धास्त पडला. डबा रुळावरून उतरला.

अनगोळकर

तर मग सर्वोवर किंवा बटणावर विसंबू नका. सांध्याच्या जिभांना जोडणारी आडवी पट्टी जिथे संपते, तिथे दोन बाजूंना दोन मायक्रोस्विच लावा. एक सरळ मार्ग पुरता बसल्यावर मिटेल, दुसरा लूप पुरता बसल्यावर. दोन्ही आर्डुइनोच्या आतल्या पुल-अपसह (स्विच उघडा असताना पिन ५ व्होल्टला धरून ठेवणाऱ्या रोधासह) वेगवेगळ्या पिनांना जोडा आणि मिटल्यावर ग्राउंड मिळेल असे करा. अशाने तार तुटली तर स्विच उघडा आहे असेच आर्डुइनो समजेल आणि हात आडवा राहील, म्हणजे बिघाड झाला तरी तो सुरक्षित बाजूला होतो. दोन्ही उघडे असतील तर जीभ मध्येच आहे, तेव्हा नकार. दोन्ही मिटलेले दिसले तर कुठेतरी तार ग्राउंडला चिकटली आहे, तेव्हाही नकार. फक्त एकच मिटलेला असताना होमला परवानगी, आणि होमचा हात पडलेला असेपर्यंत त्या सांध्याच्या बटणाकडे प्रोग्रॅमने लक्ष देऊ नये, म्हणजे कुलूपही लागले.

टिळकवाडीकर

गणपतीच्या सुट्टीत आठपैकी सहा सिग्नल एल पट्टीवर चढवले. पाऊस चालूच आहे, तरी पंधरा दिवसांत एकही हात झुकलेला नाही. तारा वेगळ्या केल्यावर थरथर थांबली. मायक्रोस्विच दोन्ही सांध्यांना लावले. मुद्दाम जिभेत काडी घालून होमची लिव्हर ओढली, हात हलला नाही.

राहिले होते दिवे, त्यांचे सविस्तर लिहितो, कारण इथे मला सर्वांत जास्त वेळ लागला. दिवा म्हणून ०६०३ आकाराचा, म्हणजे १.६ गुणिले ०.८ मि.मी.चा एलईडी घेतला. खांबाच्या नळीतून दोन तारा जाईनात, म्हणून पितळी खांबालाच ऋण बाजू केले आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली ०.१ मि.मी.ची इनॅमल तार एकटीच वर नेली. इनॅमल गरम टोकाने जळेना, तेव्हा ब्लेडने हलकेच खरवडावे लागले. पहिल्या दोन तारा त्यातच तुटल्या. १२ व्होल्टसाठी ४.७ किलोओहमचा रोध लावल्यावर दोन मिलिअँपिअरपेक्षा थोडा कमी प्रवाह जातो. एवढाच उजेड खरा दिसतो, याहून जास्त असेल तर तो रॉकेलचा दिवा वाटत नाही.

आधी पांढरा एलईडी आणि हिरवी काच लावली होती, आणि प्रकाश दुकानाच्या पाटीसारखा कडक हिरवा दिसत होता. काकांनी फोनवर सांगितले की खरी काच हिरवी नसते, निळसर असते. रॉकेलच्या ज्योतीचा पिवळा उजेड तिच्यातून गेला की हिरवा दिसतो. मग उबदार पिवळसर एलईडी घेतला आणि पारदर्शक निळ्या रंगात थोडा हिरवा मिसळून पातळ प्लास्टिकवर दोन हात दिले. दिवसा चष्म्यात निळी काच दिसते, आणि माळ्यावरचा बल्ब मालवून होमची लिव्हर ओढली की लाल ठिपका क्षणभर झाकला जातो आणि मऊ हिरवा उमटतो.

लोंढा केबिन

लाल आणि हिरव्याच्या मध्ये तो क्षणभराचा अंधार दिसतो ना, तो तसाच राहू द्या. चष्म्याच्या दोन काचांमधली लोखंडी पट्टी दिव्यासमोरून जाते तेव्हा तो पडतो. उरलेल्या दोन सिग्नलांपैकी वॉर्नर कोणता ते कळवा. तो एकट्या खांबावर असेल तर त्याच्या वर दीड ते दोन मीटरवर कायम हिरवा दिवा हवा, म्हणजे तुमच्या प्रमाणात १७ ते २३ मि.मी. त्या दिव्याला सर्वो नको, फक्त एक तार आणि रोध.

टिळकवाडीकर

वॉर्नर खानापूरच्या बाजूचा आहे आणि एकट्या खांबावरच आहे. वरच्या दिव्यासाठी २० मि.मी. धरतो. आज रात्री खांबाची नळी तेवढी लांब कापून ठेवतो.